गिअर टाकला की खाडकन आवाज येतो, मग गिअरबॉक्स उघडायचा का?

सोयाबीनची रास झाली, पाऊस उघडला की दरवर्षी माझ्याकडं आवाजाची पत्रं वाढतात. गाड्या चार महिने चिखलातून, नाल्याच्या पाण्यातून गेलेल्या असतात, खालचं ग्रीस धुऊन निघालेलं असतं, अन् रस्ता कोरडा झाला, काचा उघड्या ठेवून गाडी चालवायला लागलो की मग आवाज कानावर यायला लागतो. ह्या वेळेस आलेल्या पत्रांतली चार घेतलीत, चारही गिअर बदलताना येणाऱ्या आवाजाचीच आहेत पण चौघांचं दुखणं वेगवेगळं आहे. पहिलं पत्र जरा सविस्तर घेतो, कारण त्याच्यात बऱ्याच जणांचे पैसे वाचणार आहेत.

प्रश्न : काका नमस्कार. मी जिंतूर तालुक्यातला शेतकरी आहे, शेत येलदरीच्या बाजूला. माझ्याकडं डिझेलची सात सीटर गाडी आहे, ११ वर्षं झाली, मागच्या चाकावर चालणारी, रनिंग १ लाख ६० हजार. तीन महिने झाले, पहिल्यातून दुसरा गिअर टाकला अन् क्लच सोडला की खालून खाडकन आवाज यायलाय. तिसऱ्याला थोडा कमी, चौथ्या-पाचव्याला जवळपास नाहीच. चालत्या गाडीत ॲक्सिलेटर सोडून परत दाबला तरी एक ठोका बसतो. रिव्हर्स घेऊन परत पहिला टाकला की लईच जोरात. गिअर मात्र लोण्यासारखा पडतो, कुठं अडकत नाही. गावातल्या मिस्त्रीनं चक्कर मारून बघितली अन् गिअरबॉक्स उतरवावा लागंल म्हणून २८ हजार सांगितलेत. घरचे म्हणायलेत गाडीच विकून टाका. काय करावं?

उत्तर : दादा, अजून एक रुपया देऊ नका अन् गाडी पण विकू नका. तुमच्या पत्रातच निम्मं उत्तर आहे, ‘गिअर लोण्यासारखा पडतो’ हे जे लिहिलंय ना तुम्ही, तेच. गिअरबॉक्सच्या आतलं काही गेलं असतं, म्हणजे सिन्क्रोनायझर रिंग (गिअर पडताना आतला वेग जुळवणारी कडी) झिजली असती किंवा बेअरिंग गेलं असतं, तर दांडा हलवतानाच कर्रर्र झालं असतं, नाहीतर गिअर उडून न्यूट्रलला आला असता, नाहीतर चालताना सारखा घूं घूं आवाज राहिला असता. तुमचा आवाज दांडा हलवताना येत नाही, क्लच सोडल्यावर येतो. अन् गिअरला हात न लावता नुसता ॲक्सिलेटर सोडून दाबला तरी येतो. म्हणजे गिअर बदलण्याशी त्याचा संबंधच नाही, इंजिनाची ओढ सुटते अन् परत लागते त्या क्षणाशी आहे.

हे नीट समजायचं तर उसाची ट्रॉली डोळ्यांसमोर आणा. ट्रॅक्टरच्या हुकात पिन ढिली असली की ट्रॅक्टर निघताना खाडकन होतं, ब्रेक मारला की परत खाडकन, पण एका स्पीडनं चाललाय तोवर गप. पिन अन् भोकाच्या मधली जेवढी मोकळी जागा, तेवढा ठोका. तुमच्या गाडीत इंजिनापासून मागच्या चाकापर्यंत अशा चार-पाच ‘पिना’ आहेत : गिअरबॉक्सचे दाते, शाफ्टची (गिअरबॉक्सपासून मागं जाणारा लांब लोखंडी दांडा) सरकणारी जोडणी, शाफ्टचे क्रॉस, हाऊसिंगमधला (मागच्या दोन चाकांच्या मधला गोल डबा) क्राऊन-पिनियन, म्हणजे शाफ्टची ओढ चाकांकडं वळवणारे दाते, एक्सलच्या टोकाचे दाते. प्रत्येकात थोडा प्ले, म्हणजे मोकळी जागा, असणारच, नवीन गाडीत पण असतो. पण एखाद्यात जास्त झाला की सगळ्यांची बेरीज होऊन ठोका बसतो. पहिल्या गिअरला जोरात का, तर तिथं इंजिनाची ताकद साधारण साडेतीन-चार पट होऊन शाफ्टला लागते, पाचव्याला तेवढी लागत नाही. रिव्हर्समधून पहिल्यात आलात की ओढ पूर्ण उलटी फिरते, सगळा प्ले ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो, म्हणून तो सगळ्यात मोठा.

माझा संशय पहिल्यांदा क्रॉसवर आहे. हे तुम्हाला स्वतःला बघता येतं, अर्धा तास लागंल. गाडी सपाट जागेवर लावा, शेतातल्या वाटेवर नको, सिमेंटचा ओटा किंवा फरशी बघा. इंजिन बंद, चावी खिशात, चारी चाकांना दोन्हीकडून दगड लावा, हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रल. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीच जायचं नाही, पाच मिनिटांचं काम असलं तरी नाही, उचलायचीच असंल तर घोड्या (लोखंडी स्टँड) लावूनच. पण ह्या गाड्यांची उंची असते, बऱ्याच वेळा न उचलता आडवं होऊन आत जाता येतं. टॉर्च न्या.

शाफ्टच्या दोन्ही टोकांना, अन् दोन तुकड्यांचा शाफ्ट असंल तर मध्ये पण, क्रॉस दिसंल. क्रॉस म्हणजे अधिकच्या चिन्हासारखा लोखंडी तुकडा, चार टोकांना चार वाट्या, वाटीच्या आत सुईसारखे बारीक रोलर. आधी हात न लावता नुसतं बघा. वाटीच्या कडेला लालसर, हळदी-कुंकू मिसळल्यासारखी भुकटी बसलेली दिसली की ते क्रॉस आतून सुकलंय, ग्रीस गेलं, पाणी शिरलं अन् सुया गंजून पीठ झाल्या. मग एका हातानं शाफ्ट धरा अन् दुसऱ्या हातानं त्याच्या पलीकडचं योक, म्हणजे क्रॉस धरून ठेवणारा दोन कानांचा तुकडा, धरा, अन् दोन्ही उलट-सुलट पिळून बघा, मग वर-खाली ढकलून बघा. ह्या दोघांच्या मध्ये काहीच हलायला नको. केसभर जरी टिक-टिक लागली तर क्रॉस गेलं. पूर्ण शाफ्ट एकत्र थोडा फिरून थांबत असंल तर तो दात्यांचा प्ले, तो थोडा चालतो.

क्रॉस काढायला घेतलं की तीन गोष्टी मिस्त्रीला सांगा, समोर उभं राहून करून घ्या. एक म्हणजे शाफ्ट खोलायच्या आधी दोन्ही फ्लँजवर (शाफ्ट बोल्टनं जोडतात त्या चकत्या) अन् सरकणाऱ्या जोडणीवर खडूनं किंवा पंचनं खूण करायची, कारण ती जोडणी वेगळी करून एखादा दाता इकडं-तिकडं बसली की दोन्ही टोकांचे योक एका रेषेत राहत नाहीत, अन् मग ठोका जातो पण ६०च्या वर गाडी थरथरायला लागते. दुसरं, नवीन क्रॉस हातोड्यानं ठोकत बसवताना एखादी सुई वाटीत आडवी पडते, वाटी पूर्ण बसत नाही, लॉक बसत नाही, मग काही जण लॉक घासून बसवतात. असं दिसलं तर तिथंच थांबवा. वाटी काढायची, सुया ग्रीसमध्ये चिकटवून उभ्या करायच्या, परत बसवायची. व्हाइसमध्ये दाबून बसवलं तर हे होतच नाही. तिसरं, बसवल्यावर क्रॉस हातानं चारी बाजूंना सहज फिरलं पाहिजे, कुठं जड लागलं तर एक-दोन हलके ठोके योकच्या कानावर मारले की मोकळं होतं.

जुनं क्रॉस फेकून देऊ नका, घरी आणा, रॉकेलमध्ये धुवा अन् टोकांवरून नख फिरवून बघा. सुयांचे उभे ओरखडे नखाला लागतील, जात्याला टाकी लावल्यासारखे. तेच ओरखडे म्हणजे तुमचा खाडकन.

मी १९ वर्षांचा असताना लातूरला एका गॅरेजवर हेल्पर होतो. एका शाळामास्तरांची जीप आली होती, असाच आवाज. आम्ही गिअरबॉक्स उतरवला, रिंगा बदलल्या, बेअरिंगं बदलली, तीन दिवस गेले. मास्तर रुमालात बांधून पैसे घेऊन आले, मोजून दिले, अन् गाडी गेटच्या बाहेर काढून दुसरा गिअर टाकला तर तोच खाडकन. त्यांनी मागं वळून बघितलं, काहीच बोलले नाहीत, तसेच निघून गेले. नंतर कळलं दुसरीकडं क्रॉस बदलल्यावर आवाज गेला. ती त्यांची नजर माझ्या अजून लक्षात आहे, म्हणून आज माझ्याकडं कुणी आवाज घेऊन आलं की मी आधी गाडीखाली जातो, पाना नंतर हातात घेतो.

आता समजा क्रॉस चांगलं निघालं, तर पुढं काय बघायचं. सरकणारी जोडणी हातानं वर-खाली हलवा, प्ले नसला अन् नुसती कोरडी असली तर निप्पलमधून (ग्रीस भरायच्या बारीक तोंडातून) ग्रीस भरून दोन दिवस चालवा, बऱ्याच वेळा थांबून निघतानाचा ठोका तेवढ्यानंच जातो. दोन तुकड्यांचा शाफ्ट असंल तर मधल्या बेअरिंगचं रबर फाटलंय का बघा. गिअरबॉक्सच्या खालचं माउंटिंग, म्हणजे रबरी आधार, बघा, आपल्याकडची काळी चिकण माती तिथं थापल्यासारखी बसते, आधी खरवडून काढा मग रबराची चीर दिसंल. मागं पाटे (पट्ट्यांची स्प्रिंग) असतील तर यू-बोल्टचे नट आवळून घ्या, ते ढिले असले की एक्सल पाट्यावर हलतो अन् अगदी असाच आवाज देतो, अन् हे काम तर फुकटात होतं. हे सगळं ठीक असलं तरच हाऊसिंग. मागची दोन्ही चाकं घोडीवर घेऊन शाफ्ट हातानं फिरवून बघायचा, बराच फिरून मग चाक हलत असंल तर क्राऊन-पिनियनची सेटिंग बघावी लागंल, ते मात्र जाणत्या माणसाकडंच, कारण ती शिमांनी (पातळ चकत्यांनी) बसवायची असते अन् चुकली की हाऊसिंग रडायला लागतं.

सगळे क्रॉस, मजुरी, ग्रीस, सगळं धरून खर्च त्या २८ हजारांचा पाव भाग पण होत नाही. अन् इथून पुढं गाडी नाल्याच्या पाण्यातून काढली की घरी आल्यावर, किंवा वॉशिंग सेंटरला खालून प्रेशरनं धुतली की त्याच दिवशी, ग्रीसगन मारून घ्यायची, वाटीच्या चारी कडांतून जुनं काळं ग्रीस निघून नवीन दिसेपर्यंत. निप्पल नसलेलं सीलबंद क्रॉस बसवून मिळतं काही वेळा, आपल्या चिखलाच्या रस्त्याला मी तरी निप्पलवालंच घ्या म्हणंल.

प्रश्न : मी अंबाजोगाईला शिक्षिका आहे. पेट्रोलची छोटी गाडी आहे, ६ वर्षं झाली. स्पीड ब्रेकरला हळू करून पहिला टाकून निघाले की पुढून धप्प आवाज होतो अन् गिअरचा दांडा हाताखाली हलतो. एसी लावून उभी असले की सगळी गाडी थरथरते, सीटपर्यंत जाणवतं. मिस्टर म्हणतात तुला क्लच नीट सोडता येत नाही. खरंच माझ्या चालवण्यात चूक आहे का?

उत्तर : नाही ताई, चूक तुमची नाही. क्लच सोडायची सवय उभ्या गाडीला थरथरवू शकत नाही. हे इंजिनाच्या माउंटिंगचं काम आहे, ज्याला आपल्याकडं मिस्त्री लोक फाउंडेशन म्हणतात. अल्टो, वॅगनआर, स्विफ्ट अशा पुढच्या चाकावर चालणाऱ्या गाड्यांत इंजिन अन् गिअरबॉक्स आडवे एकत्र बसवलेले असतात अन् तीन-चार रबरी आधारांवर तोललेले असतात. त्यातलं एक फाटलं की ओढ लागताना सगळं इंजिन एका बाजूला झुकून आपटतं. दांडा गिअरबॉक्सला जोडलेला, म्हणून तो पण हलतो. एसीचा लोड आला की थरथर वाढते, ती पण त्यामुळंच.

खात्री करायची तर मिस्टरांनाच ड्रायव्हर सीटवर बसवा. बोनेट उघडं, हँडब्रेक ओढलेला, ब्रेक पूर्ण दाबलेला, गाडीच्या पुढं-मागं कुणी उभं राहायचं नाही, लेकरं तर लांबच. तुम्ही बाजूला मडगार्डपाशी उभ्या राहा. त्यांना म्हणावं पहिला टाकून क्लच किंचित सोडा, गाडी ओढायला लागली की लगेच परत दाबा. मग रिव्हर्सला तसंच. इंजिन दोन्हीकडं थोडं झुकणारच, ते नॉर्मल आहे. पण ते उसळी मारून उठलं, धप्प करून बसलं, तर माउंटिंग गेलं अन् ते मिस्टरांना पण बसल्या जागी जाणवंल.

कोणतं गेलं ते बघायला मिस्त्री इंजिनाखाली जॅक अन् लाकडाची फळी लावून थोडं वजन उचलतो, मग चीर उघडी पडते. इंजिनातून ऑईल गळून रबरावर पडत असंल तर रबर फुगून मऊ पडतं, तसं असंल तर आधी ती गळती बंद करा, नाहीतर नवीन पण तसंच जाईल. काही गाड्यांत एका माउंटिंगमध्ये आत द्रव असतो, ते फुटलं की खाली ओघळ दिसतो. अन् एक हात जोडून सांगतो, फाटलेल्या माउंटिंगमध्ये टायरचा तुकडा कापून कोंबायचा नाही. आवाज दोन महिने बंद होतो पण कडक रबरामुळं सगळी थरथर बॉडीत उतरते अन् बाकीची माउंटिंगं एकेक करून जातात. उन्हाळ्यात ४०-४२ डिग्रीत इंजिनाजवळचं रबर तसंही लवकर कडक होतं, सहा वर्षांत जाणं काही विशेष नाही.

वळताना पुढच्या चाकातून टक टक टक असा आवाज येत असंल तर तो वेगळा, एक्सलच्या जॉइंटचा. रबरी बूट फाटून ग्रीस बाहेर उडालंय का तेवढं त्याच वेळेस बघून घ्या.

प्रश्न : छत्रपती संभाजीनगरला राहतो, रोज वाळूजला कामावर जातो. एएमटी गाडी आहे. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना झटका अन् हलका ठोका बसतो. नवीन असताना पण थोडा होता, आता वाढलाय.

उत्तर : एएमटी म्हणजे आतून साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच दाबायचं अन् दांडा हलवायचं काम मशीन करतं. त्यामुळं थोडी मान हलणं हे त्याच्या स्वभावात आहे. गिअर बदलायची वेळ आली की ॲक्सिलेटर किंचित सैल सोडा, जसं मॅन्युअलला आपोआप सोडतो तसं, ठोका निम्मा होईल. पण वाढलाय म्हणताय म्हणजे क्लच झिजला असंल किंवा त्याची पकड कुठं सुरू होते हे कॉम्प्युटरला नव्यानं शिकवावं लागंल, ते स्कॅनर लावूनच होतं, साध्या गॅरेजवर होत नाही. वाळूजच्या ट्रॅफिकमध्ये चढावर ब्रेक न दाबता ॲक्सिलेटरवर गाडी धरून ठेवायची सवय असंल तर ती आजपासून सोडा, क्लच त्यानंच जळतो. माउंटिंग वर ताईंना सांगितलंय तसं ह्याच्यात पण तपासून घ्या. अन् काही एएमटी गाड्यांत ड्रायव्हरचा दरवाजा उघडला की बारीक घूं आवाज येतो तो पंपाचा असतो, त्याला घाबरू नका.

प्रश्न : उदगीरहून लिहितोय, पिकअप आहे, भाड्यानं चालवतो. रिव्हर्स टाकताना कर्रर्र करतो, अन् हल्ली दुसरा टाकताना पण सकाळी सकाळी कर्र करायलाय. ऑईलच्या दुकानवाला म्हणला ९० नंबर टाका, गिअरला अन् हाऊसिंगला तेच चालतं. टाकू का?

उत्तर : भाऊ, तुमचं पत्र जिंतूरच्या दादांच्या उलटं आहे. त्यांचा आवाज क्लच सोडल्यावर, तुमचा दांडा हलवताना. म्हणून तुमच्याकडं क्लच अन् गिअरबॉक्स हेच बघायचं.

पहिली परीक्षा सोपी. इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून बघा, मग चालू करून परत टाका. बंदला मऊ पडतात अन् चालूला कर्र करतात तर क्लच पूर्ण सुटत नाही. पायाखालची मॅट गुंडाळून पेडलच्या मागं गेलीय का बघा, मी हसण्यावारी सांगत नाही, जाड रबरी मॅटमुळं पेडल बोटभर कमी दाबलं जातं अन् गिअर कर्र करतो, हे मी स्वतः तीन-चार गाड्यांत बघितलंय. मग क्लचच्या डब्यातलं ऑईल कमी आहे का, पेडल दोन-तीनदा पंप केल्यावर गिअर नीट पडतो का. पंप केल्यावर पडत असंल तर लाइनमध्ये हवा आहे किंवा सिलेंडरचं रबर गेलंय. वायरचा क्लच असंल तर फ्री प्ले (पेडलची सुरुवातीची मोकळी चाल) सेट करून घ्या.

रिव्हर्सला बऱ्याच गाड्यांत सिन्क्रो नसतो, म्हणून गाडी पूर्ण थांबवून, क्लच दाबून तीन-चार सेकंद थांबून टाकायचा. घाई असंल तर आधी पुढचा एखादा गिअर लावून तसाच क्लच दाबलेला ठेवून रिव्हर्सला आणा, पुढच्या गिअरची रिंग आतला फिरता शाफ्ट थांबवते अन् रिव्हर्स गपचूप पडतो. पण चार सेकंद थांबून पण कर्र करत असंल तर क्लच बघावाच लागंल.

आता ऑईल. दोन्हीकडं एकच टाकू नका. हाऊसिंगच्या क्राऊन-पिनियनचे दाते एकमेकांवर घसरत फिरतात, त्यांना बहुतेक करून जीएल-५ (गिअर ऑईलचा दर्जा) लागतं. त्याच्यात गंधक-फॉस्फरसची जी ताकदीची औषधं असतात ती काही गिअरबॉक्समधल्या पितळी सिन्क्रो रिंगांना मानवत नाहीत, म्हणून बऱ्याच गिअरबॉक्सला जीएल-४ सांगितलेलं असतं. अन् नुसतं ९० नंबर थंडीत घट्ट असतं, सकाळी दुसरा गिअर कर्र करायचं तेही एक कारण होऊ शकतं, कारण रिंगेला घट्ट ऑईल कापून गिअरच्या निमुळत्या तोंडावर धरायला वेळ लागतो. ७५डब्ल्यू-९० सकाळी पातळ राहतं अन् तापल्यावर पण टिकतं. पण तुमच्या गाडीच्या पुस्तकात जे लिहिलंय तेच अंतिम, पुस्तक हरवलं असंल तर शोरूमच्या स्पेअर काउंटरवर चेसिस नंबर सांगून विचारा.

जुनं ऑईल काढताना गाडी थोडी चालवून गरम करून घ्या, म्हणजे घाण पण निघते. ड्रेनच्या बोल्टाला चुंबक असतं बऱ्याच गाड्यांत, तो पुसायच्या आधी बघा. काजळासारखा करडा गाळ लागला असंल तर वय आहे, चालतं. पिवळी झाक मारत असंल ऑईलमध्ये तर रिंगा झिजतायत. खडे लागले, दात्याचा कपचा लागला, तर ऑईल भरूच नका, गिअरबॉक्स उतरवायची वेळ तीच. अन् हे सगळं करायच्या आधी, ड्रेनच्या बोल्टाला पाना लावायच्या आधी, बाजूचा भरायचा बोल्ट सुटतो का ते बघा. तो गंजून बसलेला असला अन् तुम्ही खालचं सगळं ऑईल सोडून दिलं, तर भाड्याची गाडी तिथंच उभी राहील.